रुपयाचं माप

१९९२ साली पोलादी रुपया निघाला. व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम. २०११ साली दोन रुपयांचं नवं नाणं आलं. व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम. त्याच वर्षीचा नवा एक रुपया पाहावा, तर तो १९८८ पासून चालत आलेल्या आठ आण्यांच्या मापाचा, आणि नवे आठ आणे गेंड्याचं चित्र असलेल्या जुन्या चार आण्यांएवढे. घरात थोरल्याचे कपडे धाकट्याच्या अंगाला येतात. नाण्यांच्या घरात थोरल्याने धाकट्याचा सदरा चढवला, आणि सगळ्या भावंडांनी एकदमच.

इथेच राहणाऱ्यांना याचं फारसं काही वाटलं नसावं. दोन-चार महिने बोटं चाचपडली असतील, मग सवय झाली असेल. मी १९९१ च्या पावसाळ्यात यवतमाळ सोडलं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे मस्कतला गेले. कायमचं परतणं झालं ते २०१८ च्या सुरुवातीला. मधे सुट्टीला येत होतो. परत जाताना पर्समध्ये राहिलेली चिल्लर विमानाने तिकडे जायची आणि कॉफीच्या एका रिकाम्या बरणीत पडायची. तिकडे तिचा उपयोग शून्य, पण पैसा टाकून देण्याची आमच्याकडे रीत नाही. सामान आवरून आलो तेव्हा बरणीही आली. यवतमाळच्या घरी एका दुपारी ती वर्तमानपत्रावर ओतली आणि सालाप्रमाणे नाणी लावत बसले. एकावर एक रचली तेव्हाच ही मापांची गोष्ट ध्यानात आली. ग्रॅम आणि मिलिमीटर नंतर शोधले; आधी चळत बोलली.

रुपयाला माप असणं ही मुळात फार जुनी गोष्ट. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. सराफाच्या तागडीत तोच वजन म्हणून पडायचा. माझ्या आजीला तोळा म्हणजे वेगळं काही ठाऊकच नव्हतं. ‘रुपयाभार’ म्हटलं की तिला कळायचं. १९४० मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ चा रुपया निकेलचा झाला. पुढे दहा ग्रॅम, आठ ग्रॅम, सहा ग्रॅम असा उतरत तो १९९२ मध्ये पोलादी झाला. २०१९ पासून जो रुपया येतो तो २० मिलिमीटरचा आणि ३.०९ ग्रॅमचा आहे. आज त्याचा तोळा करायचा तर चार रुपये लागतील, थोडे कमीच. महागाईची आकडेमोड मला जमत नाही, पण ही उतरंड तळहातावर ठेवून दाखवता येते.

आजीचं माहेर पैनगंगेच्या पलीकडे, माहूरच्या अंगाला, सासर उमरखेडचं. नदी एकच, पण तिच्या लहानपणी अलीकडे इंग्रजांचा रुपया आणि पलीकडे निजामाचा. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने गेला. तेव्हापासून उमरखेड-पुसदच्या बाजारात ‘कलदार’ चालायचा. नदी ओलांडली की ‘हाली सिक्का’, त्यावर चारमिनार. सहा कलदार म्हणजे सुमारे सात हाली, हा हिशेब त्या पट्ट्यातल्या निरक्षर बायांनाही तोंडपाठ होता. रेणुकेच्या दर्शनाला जाताना दोन्ही नाणी लुगड्याच्या ओच्यात वेगवेगळ्या गाठींना बांधत, असं आजी सांगायची. गाठ न सोडताच, वरून चाचपून, कुठली कशाची ते तिला कळे. हैदराबाद संस्थान गेलं, काही वर्षांनी हाली सिक्काही गेला. ‘कलदार’ हा शब्द मात्र ती मरेपर्यंत कोणत्याही खणखणीत नाण्याला वापरत राहिली.

बोटांनी नाणं ओळखण्याची ही जी विद्या होती, तिची सोय नाणं पाडणाऱ्यांनीही जाणूनबुजून केली होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. लोक गोंधळणार हे उघड होतं. म्हणून की काय, पुढच्या काळातल्या प्रत्येक लहान नाण्याला स्वतःचं अंग होतं. पाच पैसे चौकोनी, कोपरे घासलेले. दोन पैसे आणि दहा पैसे पाकळ्यांचे, पण पाकळ्या निराळ्या. १९६४ मध्ये तीन पैशांचं षटकोनी नाणं आलं. १९८२ मध्ये वीस पैशांचं षटकोनी, ॲल्युमिनियमचं, इतकं हलकं की फुंकरीने सरकेल. आमच्या शाळेच्या फाटकापाशी बोरकूट विकणारी म्हातारी दोन्ही डोळ्यांनी अधू होती. पोरं तिला फसवायला बघत, पण जमत नसे. नाणं हातात पडलं की अंगठा कडेवरून फिरायचा आणि बोरकुटाची पुडी पुढे यायची.

चिल्लर ही तेव्हा मुलांचीही मिळकत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा; लाकडी नंदीबैल घेऊन पोरं घरोघर जायची आणि बोजारा मागायची. दहा पैसे, चार आणे, मोठ्या घरी आठ आणे. संध्याकाळी पायरीवर बसून मोजणी व्हायची. आकार वेगळे असल्याने मोजायला वेळ लागत नसे. चौकोनी इकडे, पाकळ्यांचे तिकडे. अजून अक्षरं न लागलेली धाकटी भावंडंही ढीग बरोबर लावायची.

मोठ्या माणसांच्या हिशेबात याच नाण्यांना वजन होतं. यवतमाळ कापसाचा जिल्हा. वेचाईची मजुरी किलोवर. संध्याकाळी शेताच्या बांधावर काटा लागायचा, गाठोडं चढायचं, आणि आकडा वहीत उतरायचा. पैसे बाजाराच्या दिवशी. माझ्या काकांच्या वावरात वेचायला येणाऱ्या बाया भावाचा वाद घालायच्या तो किलोमागे पाच पैशांवरून. पाच पैसे! ऐकताना आम्हा पोरांना हसू यायचं. पण दिवसाला वीस किलो वेचणाऱ्या बाईला त्याचा रुपया व्हायचा आणि आठवड्याचं मीठ-मिरची त्यातून निघायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी काका चिल्लर जमवत फिरायचे, कारण प्रत्येकीचा हिशेब वेगळ्या पैशांवर येऊन थांबायचा. आता हाच वाद किलोला रुपया-दोन रुपयांवरून होतो, आणि मजुरी कित्येकदा मोबाइलवर पोराच्या खात्यात जाते. बाईच्या हातात मग काय पडतं, हा प्रश्न मी एकीला विचारला. ती म्हणाली, “पोरगं देते न काढून.” तिने यावर आणखी काही बोलायचं टाळलं, मीही.

मी गेले त्या सुमाराला नाण्यांचं जग पालटायला लागलं होतं. १९८८ मध्ये दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची पोलादी नाणी आली आणि सगळी गोल झाली. दहा पैशांचं तर शर्टाच्या बटणाएवढं. त्याच वर्षी नोएडाची टांकसाळ सुरू झाली. मुंबई, कोलकाता आणि हैदराबादनंतर ही चौथी. सालाखाली बारीक खूण असते: मुंबईचा चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. एवढं करूनही नाणी कमी पडत, म्हणून सरकारने ती परदेशांतूनही पाडून आणली. माझ्या बरणीत एक १९८८ चं पन्नास पैशांचं आहे, कॅनडातल्या ओटावाहून आलेलं. रुपयाचीही परदेशी टांकसाळींतून आलेली नाणी आहेत, मेक्सिकोची, स्लोव्हाकियाची. तेव्हा परदेशी राहून परतलेली मी काही एकटी नाही.

नव्वदच्या दशकातल्या सुट्ट्या म्हणजे चिल्लरटंचाई. किराणा दुकानात रुपयाऐवजी हातावर गोळी ठेवली जायची. एसटीत चढलं की कंडक्टरचं पहिलं वाक्य तिकिटाबद्दल नसायचं, सुट्ट्या पैशांबद्दल असायचं. देणं राहिलं की तो तिकिटाच्या पाठीवर पेनाने आकडा लिहून द्यायचा. दारव्हा आलं, उतरायची घाई, आणि पाच-सात माणसं तिकिटं नाचवत त्याच्याभोवती, हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल. रुपया गेला तर गेला, असं म्हणून कुणी उतरून जात नसे. रुपया तेवढा मोठा होता.

पण त्या काळातलं एक नाणं मला फार शहाणपणाचं वाटतं. १९९२ मध्ये दोन रुपयांचं अकरा कोनांचं नाणं आलं. २६ मिलिमीटर, सहा ग्रॅम. गंमत अशी की १९८३ पासूनचा रुपयाही २६ मिलिमीटर आणि सहा ग्रॅमचाच होता, धातूही तोच, तांबं-निकेल. म्हणजे थोरल्याने धाकट्याचं माप घेण्याचा प्रकार २०११ चा नव्हे, आधीचाच. फरक एवढाच की १९९२ मध्ये त्या मापाला अकरा कोन दिले. अंगठा कडेवर टेकला की दोन रुपये कळायचे. पाच रुपयांचं त्याच वेळचं नाणं जाडजूड, नऊ ग्रॅमचं, कडेला खाच. ‘पाचचा ठोकळा’ हे नाव त्याला लोकांनीच दिलं. मग रुपया, दोन आणि पाच अशी तीन नाणी अंधारातही वेगळी निघायची. मला वाटतं, माझ्या हयातीत भारतीय नाणी हाताला सर्वांत सोपी होती ती याच दहा-बारा वर्षांत.

ते मोडलं कशाने? धातूने. ठोकळ्यातलं तांबं-निकेल महाग झालं. पोलादी नाण्यांनाही पाय फुटले. २००७ च्या सुमारास बातम्या येत होत्या की आपले रुपये चोरून बांगलादेशात जातात आणि वितळवून त्यांची दाढीची पाती होतात. नाण्याच्या किमतीपेक्षा पात्यांची किंमत जास्त. २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात टांकसाळीने सांगितलं की एक रुपया पाडायला एक रुपया अकरा पैसे लागतात. सरकारने नाणं लहान करणं, पातळ करणं, स्वस्त धातूचं करणं यात मग नवल नाही. मला खटकतं ते वेगळंच. २००५ च्या आसपास दोन रुपयांचे कोनही गेले. नवं नाणं गोल, रुपयापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर मोठं. त्यावर दोन रेघा एकमेकींना छेदणाऱ्या होत्या. त्या क्रूसासारख्या दिसतात म्हणून त्या वेळी वादही पेटला. वाद चित्राचा झाला. कोन गेले त्याची हाकाटी कुणी केल्याचं मी ऐकलं नाही.

२००७ मध्ये हाताच्या मुद्रांची नाणी आली. रुपयावर उभा अंगठा, दोनवर दोन बोटं, पुढे आठ आण्यांवर मूठ. त्या सुट्टीत मी ती प्रथम पाहिली आणि मला ती आवडली. वाचता न येणाऱ्यालाही दोन बोटं दिसतात. पण डोळ्याला दिसणं वेगळं आणि बोटाला लागणं वेगळं. आईला तेव्हा मोतीबिंदू होता. तिने दोन्ही नाणी उलटीपालटी केली, कड चाचपली आणि माझ्या हातात ठेवून म्हणाली, “तूच दे बापा, मले काई समजत नाई आता हे.” आई किराणा दुकानात एकटी जायची. त्या वर्षीपासून सोबत कुणी तरी लागायला लागलं. म्हातारपण होतंच; पण सगळा दोष म्हातारपणाला देण्याची माझी तयारी नाही.

याच काळात मस्कतला काय होतं ते सांगायला हवं, कारण तुलना त्यामुळेच होत गेली. एक रियाल म्हणजे हजार बैसे. पाच, दहा, पंचवीस आणि पन्नास बैशांची नाणी, त्यांवर खंजीर आणि तलवारींचं राजचिन्ह. आम्ही गेलो तेव्हा जी मापं होती ती परतेपर्यंत होती. खुद्द ओमानमध्येही १९७० पर्यंत भारतीय रुपयाच्या पोटची नाणी-नोटा चालत असत. आखातासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये वेगळे रुपये काढले होते. मत्राच्या बाजारात एक म्हातारा मसालेवाला मला पाहून सांगायचा की त्याने लहानपणी रुपये मोजलेत. त्या देशात लोक थोडे, पैसा तेलाचा, महागाई फारशी नाही. तिथे नाणं तीस वर्षं तसंच राहिलं यात कुणाची हुशारी नाही. पण हात निर्धास्त होता, हे खरं.

३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी बंद झाली. बातमी मी तिकडे वाचली आणि पहिला विचार आला तो सव्वा रुपयाचा. पूजा, ओटी, नवस, वास्तुशांत, जिकडेतिकडे सव्वा रुपया. गुरुजी म्हणणार “दक्षिणा ठेवा, सव्वा रुपया”, आणि चार आणे आणायचे कुठून? पुढच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आईने तोड काढलेली दिसली. देवघराच्या खणात गेंड्याचे चार आणे दोन-तीन जपून ठेवलेले. पूजा आली की त्यातलं एक रुपयाबरोबर ताम्हनात पडायचं, पूजा झाली की धुऊन पुन्हा खणात. रुपया गुरुजी न्यायचे, वर दहाची नोट घ्यायचे. चार आणे घरचेच. सरकारदरबारी मेलेलं नाणं देवापुढे चालत होतं. शेजारणी मागून न्यायच्या आणि आणून द्यायच्या. माझ्या बरणीतून असे पुष्कळ गेंडे निघाले. ते आता आळीभर वाटले गेले आहेत.

लग्नातला आहेरही असाच. एकशे एक, पाचशे एक. वरचा एक महत्त्वाचा; तो नसला तर आकडा बंद होतो. आता पाकीट विकतच घेतो ते एक रुपया चिकटवून. त्यावरचे रुपये पाहत गेले तर तीन पिढ्यांचे निघतात: लोंब्यांचा, अंगठ्याचा, आणि नवा लहान. बाजारात रुपयाला काही मिळत नाही, पण या एका कामाला त्याच्यावाचून अडतं.

बंजारा बायांकडे रुपयाचा याहून जुना उपयोग. पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडच्या तांड्यांवर आजही म्हाताऱ्या बायांच्या गळ्यात रुपयांचा हार दिसतो, काचोळीवर नाणी शिवलेली दिसतात. चांदीचे असतील ते आजेसासूचे. पुढच्यांनी निकेलचे लावले, त्यापुढच्यांनी कुणी पाच-दहा पैसेही. २०११ नंतरचे रुपये लावलेले मात्र मी कुठे पाहिले नाहीत. एका आजीला विचारलं तर तिने नवा रुपया चिमटीत धरून वजन केल्यासारखं केलं आणि परत दिला.

आता दहाच्या नाण्याकडे. दोन धातूंचं हे नाणं २००९ पासून हातात यायला लागलं. आधीच्यावर मुंबईच्या हापूस पेटीवर काढावा तसा किरणांचा फुलोरा, पंधरा किरणांचा. २०१० मध्ये रुपयाचं नवं चिन्ह ठरल्यावर २०११ च्या नाण्यावर किरणं दहा झाली. झालं, कुणी तरी उठवलं की पंधरावालं खोटं. मग दहावालंही खोटं. मग सगळीच. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की निरनिराळ्या चित्रांची चौदाही नाणी खरी आहेत, १४४४० या क्रमांकावर फोन लावून ऐकण्याचीही सोय केली. आम्ही तेव्हा नुकतेच परतलो होतो. पुण्यात मुलाकडे दहाची नाणी बिनबोभाट चालत. तीच घेऊन यवतमाळला आले, दत्त चौकात भाजीवाल्यापुढे धरली.

“हे नाई चालत इथं काकू. दुसरे द्या न.”

“काहून? सरकारचंच आहे.”

“सरकारचं असन. मंडईतला होलसेलवाला घेत नाई, त मी काय करू?”

त्याचं चुकीचं नव्हतं. नाणं कायद्याने चालत असेल, पण माणूस ते घेतो पुढचा घेईल या भरवशावर. पांढरकवड्याहून पुढे आदिलाबादकडे गेलो तेव्हा तिथेही तीच तऱ्हा. आजीच्या वेळी नाण्याची शीव पैनगंगेला होती, तिला कारण होतं, दोन राज्यं होती. आता एकाच देशात, एकाच सरकारच्या शिक्क्याला शीव लागली, आणि ती कुठून सुरू होते ते प्रवास करून बघावं लागत होतं. मी दोन-चार प्रवासांत कंडक्टरांना विचारलं. प्रत्येकाने वेगळं गाव सांगितलं.

एसटीने या भानगडीतून सुटण्याचा मार्ग जून २०१८ मध्ये काढला. भाडं वाढवलं आणि पाचच्या पटीत केलं. रुपया-दोन रुपयांचं कामच उरलं नाही. तिकिटाच्या पाठीवर लिहायची जुनी गरज संपली, तिकीट छापणारं यंत्र आलंच होतं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. मग अर्ध्याच्या हिशेबाने पुन्हा सुट्टे निघाले. परवा एका कंडक्टरने बॅगेतून मूठभर पोलादी रुपये काढले तेव्हा बसमधल्या शाळकरी पोरी ते बघत होत्या. त्यातल्या एकीने दोनचं नाणं एकचं समजून परत केलं. डोळे धडधाकट, वाचता येतं, तरी. सवयच नव्हती तिला.

कारण मधे फोन आला होता. नोटाबंदीची रात्र ८ नोव्हेंबर २०१६ ची. यूपीआय त्याच वर्षीचं. आम्ही परतलो तेव्हा यवतमाळात त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांची पाटी मोठ्या दुकानांतच होती. करोनाच्या दोन वर्षांनी ती चहाच्या टपरीवर, उसाच्या गाड्यावर, बोरं विकणाऱ्या बाईच्या पाटीत आली. आता सहा रुपये असले तरी सहाच रुपये जातात, गोळी घ्यावी लागत नाही. मला याचं दुःख करायचं नाही. चिल्लरीसाठी अडवणूक होई ती मी पाहिली आहे. फक्त आईसारख्या, किंवा त्या बोरकुटवाल्या म्हातारीसारख्या माणसाला या काचेवर बोट ठेवून काहीच कळत नाही. यंत्र मोठ्याने आकडा बोलतं, हे बरं. ते बोलतं ते बहुधा हिंदीत, आणि फोन ज्याच्या हातात आहे त्यालाच ते पैसे देता येतात.

बरणीतल्या ढिगाचं काय केलं, तर एक रुपयापासून वरची नाणी बँकेत नेली. २०११ च्या कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत चालतात. कॅशियरने नाक मुरडलं, पण मोजून घेतली. आठ आण्यांना मात्र तो हसला. कायद्याने तेही अजून चालतात, दहा रुपयांपर्यंत. म्हणजे वीस नाणी. वीस मोजून दिली तर घ्यावीच लागतील, असं मी त्याला म्हटलं. “घेतो न काकू,” तो म्हणाला, “पण मग मी देऊ कोणाले?” मी ती परत आणली.

२०१९ मध्ये सरकारने नव्या नाण्यांची मालिका जाहीर केली, ती दृष्टिहीनांना ओळखता यावीत म्हणून. एक, दोन, पाच, दहा अशी व्यासाने आणि वजनाने वाढत जाणारी. पाचचं २५ मिलिमीटर, म्हणजे १९९२ च्या रुपयाचं माप आता पाचकडे आलं. आणि वीस रुपयांचं नवं नाणं, ८.५४ ग्रॅमचं, त्याला बारा कोन. १९९२ नंतर पहिल्यांदा कुणाला तरी कोनांची आठवण झाली. २०२२ मध्ये अमृत महोत्सवाची मालिका आली, तिनेही वीसचे कोन ठेवले.

वीसचं नाणं मी पुण्याहून मुद्दाम आणून आईच्या हातात ठेवलं. आता ती नव्वदीला टेकली आहे, डाव्या डोळ्याने फक्त उजेड कळतो. अंगठा कडेवरून एकदा फिरला. “कोनाचं आहे. दोन रुपये?” वीस, म्हटलं. तिने पुन्हा चाचपलं, वजन घेतलं, आणि तेव्हापासून तिला ते चुकत नाही. किराणावाला ते घेत नाही, रिक्षावाला घेत नाही. सकाळी दुधाचा हिशेब ती स्वतः करते, वीसची नाणी लावून. दूधवाला खळखळ न करता घेतो. त्याला विचारलं, तुझ्याकडून कोण घेतं? तर म्हणाला, पेट्रोल पंपावर चालतं.